माळावरचं मटण आणि त्यातली खनिजं: जमिनीचं किती, जनावराचं किती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माण तालुक्यात माळावर चरणारा शेळ्या-मेंढ्यांचा मिश्र कळप आहे. त्याचं मटण पुण्यात थेट गिऱ्हाइकाला विकायचं आहे आणि पाकिटावर ‘नैसर्गिक खनिजांनी समृद्ध’ असं छापायचं आहे. त्याला आधार आहे का? कोकणातल्या लाल मातीवर चरलेल्या जनावरात लोह जास्त भरतं का? शेळी, मेंढी, म्हैस यांत फरक किती? तपासून घ्यायचं तर कसं? पशुआहार आणि खनिजांच्या तपासण्या हाच माझा व्यवसाय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर, मग कारणं. लोह, जस्त, फॉस्फरस, पोटॅशियम यांचं मांसातलं प्रमाण जनावर कुठे चरलं यावर फार थोडं अवलंबून असतं. ते ठरतं प्राणी कोणता, वय किती, तुकडा कुठला आणि चरबी किती यावर. चराईच्या मुलखाची ठळक खूण मांसात उमटते ती प्रामुख्याने सेलेनियम या अगदी थोडं लागणाऱ्या खनिजाची. तांबं, कोबाल्ट, कॅल्शियम, फ्लोराइड हीसुद्धा मातीचा पत्ता सांगतात, पण कलेजीत आणि हाडात.

याचं कारण जनावराच्या शरीराच्या कारभारात आहे. स्नायू म्हणजे चालतं यंत्र. त्यातल्या क्षारांचं प्रमाण बिघडलं तर जनावर उभं राहू शकत नाही. त्यामुळे चाऱ्यात काही कमी पडलं की शरीर आधी साठे उपसतं. कॅल्शियम-फॉस्फरससाठी हाडं झिजवतं, तांब्यासाठी यकृत रिकामं करतं, गाभण राहणं आणि दूध थांबवतं, वाढ रोखतं. १०० ग्रॅम मांसात कॅल्शियम १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि दुष्काळातही ते तिथेच राहतं. चारा छावणीत महिनोन्महिने उसाच्या वाढ्यावर काढलेल्या जनावरांत हे नीट दिसतं. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून तर वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात. त्या जनावराची हाडं पोकळ होतात, गाभण राहायला वेळ लागतो, पण स्नायूचा तुकडा प्रयोगशाळेत दिला तर कॅल्शियमचा आकडा जवळपास नेहमीचाच येतो. म्हणजे मटण चांगलं दिसलं म्हणून रान चांगलं आहे असं समजू नये. फॉस्फरस कमी पडलेली जनावरं उन्हाळ्यात हाडं, चिंध्या, माती चघळत फिरतात. ती खरी सूचना. मटणाच्या अहवालात ती कधीच दिसणार नाही.

आता लोह, कारण गिऱ्हाईक तेच विचारतं. कोकणातली जांभ्याची माती लाल दिसते ती लोहाच्या ऑक्साइडांमुळे. तुमच्याकडची जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली, तिच्यातही लोह भरपूर आहे. पण आपल्या देशावरच्या चुनखडीयुक्त, विम्ल (म्हणजे आम्लाच्या उलट, अल्कधर्मी) जमिनीत ते बांधलेलं राहतं आणि झाडाला मिळत नाही, म्हणूनच ऊस आणि भुईमूग केवडा पडून पिवळे होतात. एवढ्यावरून कोकणचं जनावर लोहाने भरलेलं आणि देशावरचं रिकामं असा अंदाज बांधला जातो. तो चुकीचा आहे, कारण साखळी गवतापाशी संपत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराला चाऱ्याच्या कोरड्या वजनात किलोमागे साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम लोह पुरतं, आणि बहुतेक गवतांत ते याच्या दुपटीहून जास्तच असतं. वर, मेंढी खुरटं गवत दातांनी मुळापर्यंत ओरबाडते तेव्हा बरीच मातीही पोटात जाते. उन्हाळ्यात आखूड गवतावर ती खाण्याच्या कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त भरू शकते. म्हणजे लोहाची कमतरता चरणाऱ्या जनावरात सहसा नसतेच.

उलट जास्तीचं लोह शरीर आत घेत नाही. यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्यातला लोहाचा दरवाजा लावून घेतं. शरीरातून लोह बाहेर टाकायची सोय जवळजवळ नसल्यामुळे हा दरवाजाच सगळं ठरवतो. तरीही आत गेलेलं जास्तीचं लोह यकृत आणि प्लीहेत साठतं. मांसातलं लोह मुख्यतः मायोग्लोबिन या स्नायूतल्या लाल प्रथिनात असतं आणि मायोग्लोबिन किती बनायचं हे स्नायूचं काम, वय आणि प्राण्याची जात ठरवते.

वयाचा परिणाम किती मोठा आहे ते ऑस्ट्रेलियातल्या मोजमापांवरून पाहा. कच्च्या, चरबी काढलेल्या १०० ग्रॅम मांसात वासराच्या मांसात लोह १.१ मिलिग्रॅम, मोठ्या गुराच्या मांसात १.८, कोकराच्या मांसात २.०, तर वयस्क मेंढीच्या मांसात ३.३. देश तोच, मांसाची प्रतही तीच, तरी नुसत्या वयाने दीडपट फरक. कुरण बदलून एवढा फरक पडलेला मी कधी पाहिलेला नाही. जस्ताचं चित्र वेगळं आहे. ते या चारही मांसांत ३.९ ते ४.६ च्या दरम्यानच राहतं, आणि वयस्क मेंढीत तर किंचित कमीच भरतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जमिनी जस्ताला हलक्या आहेत हे मृदा-अहवालांत तुम्ही पाहिलं असेल. पण त्याचा फटका पिकाला, चाऱ्याला आणि करडांच्या वाढीला बसतो, मटणातल्या आकड्याला जवळपास नाही.

प्राण्याप्रमाणे पाहायचं तर रंग हा बऱ्यापैकी विश्वासू साक्षीदार आहे. जितकं गडद तितकं मायोग्लोबिन, तितकं लोह. कोंबडीच्या छातीच्या पांढऱ्या मांसात लोह १०० ग्रॅमला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास, डुकराच्या मांसात एकाच्या आत-बाहेर. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात कच्च्या शेळीच्या मांसाला २.८ मिलिग्रॅम लोह आणि ४ मिलिग्रॅम जस्त दिलं आहे. नांगराला जुंपलेल्या वयस्क रेड्याचं मांस पारड्याच्या मांसापेक्षा कितीतरी गडद असतं, तेव्हा ‘म्हशीच्या मांसात लोह किती’ या प्रश्नाला वय सांगितल्याशिवाय अर्थच नाही. एकाच बोकडातसुद्धा रान (म्हणजे मागची मांडी) आणि खांद्याचं मांस पाठीच्या मऊ पट्टीपेक्षा जास्त लोहाचं असतं, आणि दिल त्याहून जास्त.

शेळी आणि मेंढी यांच्यातला फरक लोक फार मोठा समजतात. निव्वळ लाल मांस वेगळं काढून तपासलं तर वयाने सारख्या दोन जनावरांत फरक थोडा निघतो. बाजारात शेळीचं मांस सरस ठरतं ते चरबीमुळे. शेळी चरबी पोटात, आतड्यांच्या जाळीवर आणि गुर्द्याभोवती साठवते. मेंढीत ती कातडीखाली आणि मांसाच्या पदरांतही बसते. चरबीत खनिजं नसल्यात जमा. त्यामुळे विकत घेतलेल्या १०० ग्रॅमच्या तुकड्यात मेंढीचं लाल मांस कमी येतं आणि सगळेच आकडे उतरतात. बंदिस्त गोठ्यात मक्याच्या भरड्यावर तयार केलेला बोकड आणि दिवसभर बोरी-बाभळी ओरबाडत डोंगर चढणारा बोकड यांतला फरकही बराचसा हाच आहे. माळावरचा बोकड सडपातळ असतो, थोडा उशिरा तयार होतो म्हणजे वयाने मोठा असतो, आणि चालून चालून त्याचे स्नायू गडद झालेले असतात. तुमच्या मटणाची बाजू इथे खरोखर भक्कम आहे. फक्त तिचं श्रेय मातीतल्या लोहाला देऊ नका. ते चालण्याला, वयाला आणि कमी चरबीला द्या.

आता सेलेनियम. इथे मात्र जमीन थेट बोलते, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वनस्पती मातीतून सेलेनियम घेतात आणि त्याचं सेलेनोमेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल बनवतात. जनावराच्या शरीराला ते आणि साधं मेथिओनिन यांतला फरक कळत नाही. प्रथिन बांधताना मेथिओनिनच्या जागी सेलेनोमेथिओनिन बसवलं जातं आणि स्नायू आपोआप चाऱ्याची नोंद ठेवतो. लोहासारखा कुठला दरवाजा इथे नाही. म्हणूनच अमेरिकेत नॉर्थ डकोटासारख्या सेलेनियमच्या जमिनींवर वाढलेल्या गुरांच्या मांसात सेलेनियम इतर भागांच्या कित्येक पट आढळतं. याच्या उलट टोकाला न्यूझीलंड: तिथल्या मोठ्या भागांत माती सेलेनियमला गरीब आहे आणि कोकरांचे स्नायू फिकट पांढरे पडून ती दगावण्याचा आजार तिथल्या मेंढपाळांना चांगला ठाऊक आहे. चीनच्या ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेला कमी सेलेनियमचा पट्टा तर माणसांच्या हृदयविकारापर्यंत पोचला. हैलोंगजियांग प्रांतातल्या केशान परगण्यात १९३५ मध्ये तो नोंदला गेला आणि त्या परगण्याचंच नाव त्याला चिकटलं.

फिनलंडने केलेलं काम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. तिथल्या थंड, आम्लधर्मी जमिनीत सेलेनियम झाडाला मिळत नव्हतं. गोळ्या वाटण्याऐवजी त्यांनी १९८४ मध्ये निर्णय घेऊन १९८५ पासून रासायनिक खतांतच सोडियम सेलेनेट मिसळायला सुरुवात केली. खतातून गवतात, गवतातून दूध-मांसात, तिथून ताटात. काही वर्षांतच लोकांच्या आहारातलं सेलेनियम साधारण तिप्पट झालं. अख्ख्या देशाचं मांस मातीच्या वाटेने बदलता येतं याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही. लोहाबाबत असं काही कुणी करू पाहिलं तर मांसात काहीच हलणार नाही.

आपल्या देशात दुसरं टोकही आहे. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर जिल्ह्यांत शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळात सेलेनियम इतकं आहे की काही गावांत जनावरांचे खूर फाटतात, शिंगं आणि केस गळतात. जनावराला चाऱ्याच्या कोरड्या वजनात किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम सेलेनियम लागतं आणि ५ मिलिग्रॅमच्या आसपास विषबाधेची हद्द सुरू होते. गरज आणि विष यांतलं अंतर असं थोडं आहे, म्हणून ‘सेलेनियमयुक्त’ हा शब्द मिरवण्याआधी मोजणं भागच आहे.

देश आणि कोकण यांची तुलना करायचीच असेल तर ती सेलेनियमवर करा. विम्ल, कोरड्या जमिनीत सेलेनियम सेलेनेट रूपात राहतं आणि झाडाला सहज मिळतं. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत ते सेलेनाइट रूपात लोहाच्या ऑक्साइडांना चिकटून बसतं. म्हणजे ज्या लाल रंगामुळे लोक कोकणच्या मटणात लोह जास्त मानतात, तोच लाल रंग सेलेनियम अडवून धरणारा आहे. दिवाळीनंतर कोकणात उतरून पावसाआधी देशावर परतणारे धनगरांचे कळप यामुळेच अभ्यासाला फार सुंदर विषय आहेत: एकच मेंढी वर्षातून दोन भूगोलांचं गवत खाते.

खुराकात सोडियम सेलेनाइट असलेलं क्षार मिश्रण घातलं तर तोच परिणाम मिळेल का, हा प्रश्न पुढे येईलच. जनावर निरोगी राहील, पण मांसात तेवढी वाढ दिसणार नाही. कोठीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू सेलेनाइटचा बराच भाग न विरघळणाऱ्या रूपात बदलून टाकतात आणि तो शेणातून जातो. हिरव्या पाल्यातून आलेलं सेलेनियम प्रथिनात बसून येतं, म्हणून तेच स्नायूत जमतं.

तांब्याबद्दल लिहिताना मला तुमच्या मिश्र कळपाची काळजी वाटते, म्हणून थोडं स्पष्ट सांगतो. गाई-म्हशींसाठी बनवलेलं क्षार मिश्रण मेंढ्यांना देऊ नका. मेंढीला जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकणं फार जड जातं. ते यकृतात महिनोन्महिने साठत राहतं आणि एखाद्या ताणाच्या दिवशी एकदम रक्तात सुटतं. रक्तपेशी फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी लालकाळी होते आणि मेंढी जाते. शेळी यापेक्षा बरंच तांबं सोसते आणि तिची गरजही मेंढीहून जास्त असते. म्हणूनच एकाच दावणीत एकच पावडर टाकली की एक उपाशी आणि एक विषबाधित अशी स्थिती होते. मेंढ्यांसाठी वेगळं मिश्रण मिळतं, ते वेगळ्या गव्हाणीत द्या. उलट बाजूला, चाऱ्यात मॉलिब्डेनम किंवा बोअरच्या पाण्यात सल्फेट जास्त असेल तर दोन्ही मिळून पोटातच तांबं बांधून टाकतात आणि कोकरं मागच्या पायांनी लुळी जन्मतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांपैकी नॉर्थ रोनाल्डसे बेटावर समुद्रकाठचं शेवाळ खाऊन जगणाऱ्या मेंढ्या आहेत. शेवाळात मिळण्याजोगं तांबं इतकं थोडं की पिढ्यान्पिढ्या त्यांचं शरीर कणन्कण शोषायला शिकलं, आणि आता त्यांना साध्या गवतावर आणलं तर तेच गवत त्यांना तांब्याचं विष ठरतं. प्रदेशाचा ठसा जनावरावर किती खोल असतो ते इथे दिसतं. ग्राहकाच्या बाजूने एवढंच की मेंढीच्या १०० ग्रॅम कलेजीत सुमारे ७ मिलिग्रॅम तांबं आणि तितकंच लोह असू शकतं, तर मांसात तांबं ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम. कलेजी रोज खायची वस्तू नाही. आठवड्यातून एकदा पुरे.

कोबाल्टचं थोडक्यात. कोठीपोटातले जंतू त्यापासून बी-१२ बनवतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये भर गवतात मेंढ्या खंगून मरत. ते कोबाल्टच्या कमतरतेने, हे १९३० च्या दशकात उलगडलं. फ्लोराइडबद्दल मात्र आपल्या राज्यात सावध राहायला हवं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे, आणि जनावरात ते हाडात आणि दातात जाऊन बसतं. मांसावर परिणाम नगण्य. वयस्क जनावराच्या गुर्द्यात कॅडमियम साठतं, म्हणून युरोपात मांसासाठी किलोमागे ०.०५ आणि गुर्द्यासाठी १ मिलिग्रॅम अशी वीसपट वेगळी मर्यादा आहे. भट्ट्या, बॅटरी फोडण्याच्या जागा किंवा कारखान्याच्या नाल्याकाठी चरलेला माल असेल तर गुर्दा विकू नका.

आता पाकीट. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांनुसार एखाद्या खनिजाचा ‘स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या १५ टक्के, आणि ‘समृद्ध’ म्हणायला त्याच्या दुप्पट लागतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला लोह १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम आहे. १९ चे १५ टक्के म्हणजे २.८५. शेळीचं २.८ तिथे थोडक्यात हुकतं, ‘समृद्ध’ तर मुळीच नाही. जस्ताला पुरुषासाठी १७ धरले तर १५ टक्के म्हणजे २.५५, शेळीचं ४ मिलिग्रॅम ते आरामात ओलांडतं. तेव्हा तुमच्या मटणाबद्दल सगळ्यात सरळ, टिकणारं विधान लोहाचं नसून जस्ताचं आहे. ‘जस्ताचा स्रोत’ हे शब्द तपासणी-अहवाल जोडून खुशाल छापा. ‘नैसर्गिक खनिजांनी समृद्ध’ काढून टाका.

लोहाचं महत्त्व आकड्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे आणि ते गिऱ्हाइकाला जरूर सांगा. मांसातल्या लोहाचा मोठा भाग हीम रूपात, म्हणजे मायोग्लोबिनच्या लाल रंगद्रव्यात बांधलेला, असतो आणि तो भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा कितीतरी चांगला अंगी लागतो. शिवाय मांसासोबत खाल्लेल्या भाकरीतलं, डाळीतलं लोहही जास्त शोषलं जातं. ज्वारी-बाजरीतलं फायटेट लोह अडवतं. ताटात थोडं मटण असलं की ती अडवणूक सैल होते. म्हणून घरातल्या रक्तक्षय झालेल्या बाईच्या वाट्याला नुसता रस्सा देऊ नये, फोडी द्याव्यात. रश्श्यात पोटॅशियम उतरतं, लोह बहुतांशी फोडीतच राहतं. पाया सूपमध्ये हाडाचं कॅल्शियम उतरतं हाही असाच एक गोड समज. ते पाण्यात फारसं सुटत नाही. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

तपासणीसाठी नमुने घेताना वय, लिंग आणि तुकडा एकच ठेवा: समजा एक वर्षाचे नर आणि रानेचा तोच स्नायू. प्रत्येक कळपातून एकेक जनावर पुरत नाही. दोन जनावरांतला नैसर्गिक फरकच कळपांतल्या फरकाएवढा असतो, तेव्हा निदान आठ-दहा तरी घ्या आणि बंदिस्त बोकडांचेही तितकेच. चरबी आणि पडदे काढून टाका. खिमा करून पाठवू नका. यंत्राच्या पात्यातून लोह, क्रोमियम, निकेल मिसळतं आणि मग पात्याचं लोह तुमच्या बोकडाच्या नावावर जमा होतं. स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत, बर्फावर, लगेच. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून आकडे ओल्या वजनावर मागा आणि ओलाव्याची टक्केवारी सोबत मागा, कारण कोरड्या वजनावरचे आकडे तीन-चारपट मोठे दिसतात आणि बाजारात त्याचाच गैरवापर होतो. प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातले आकडे आधीच ठाऊक असतात असा) सोबत चालवला होता का, हेही विचारा. सेलेनियमसाठी मांसाबरोबर तुमच्या माळाच्या चाऱ्याचे दोन नमुने द्या, एक पावसाळ्यातला आणि एक उन्हाळ्यातला. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की तुमच्या रानाबद्दल खरं काय म्हणता येईल ते कळेल. अहवाल आले की इथे टाका, एकेक आकडा सोबत बसून पाहू.